सोन्याच्या कणांवर सोमलाचा माग

दोन हजार लिटरची पाण्याची टाकी आणि तांदळाचा एक दाणा. दाण्याचे वजन साधारण २० मिलिग्रॅम. तेवढ्याच वजनाचे आर्सेनिक त्या टाकीत विरघळले, तर लिटरमागे १० मायक्रोग्रॅम होते. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक याहून जास्त नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची आणि भारतीय मानक ब्यूरोची मर्यादा आहे. टाकीतले पाणी नितळच राहते. त्याला वास येत नाही, चव बदलत नाही, आणि ते उकळले तरी विष जात नाही. टाकीत अर्धा दाणा पडला की दोन पडले, हे सांगणे केवळ उपकरणाच्याच हाती उरते.

अशा लेशमात्र पदार्थांचा शोध घेण्याच्या वाटा अनेक आहेत. त्यांतली एक विजेची. द्रावणात इलेक्ट्रोड बुडवायचे, त्यांपैकी एकाचा विभव हळूहळू बदलत न्यायचा आणि प्रवाह किती वाहतो याची नोंद ठेवायची, एवढाच तिचा सांगाडा. प्रत्येक पदार्थ आपापल्या ठरलेल्या विभवाच्या आसपास इलेक्ट्रॉन घेतो किंवा सोडतो. त्यामुळे पदार्थ कोणता हे विभवावरून कळते आणि तो किती आहे हे प्रवाहावरून. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर सोने, प्लॅटिनम, चांदी, बिस्मथ अशा धातूंचे अतिसूक्ष्म कण बसवले, की हा शोध कितीतरी तीक्ष्ण होतो. कणांचा व्यास काही नॅनोमीटरपासून शंभरेक नॅनोमीटरपर्यंत असतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, म्हणून मराठीत त्यांना अब्जांश कण असेही म्हणतात. पाणी, रक्त, अन्न, औषधे अशा अनेक ठिकाणी ही पद्धत वापरून पाहिली जाते. तिची ओळख करून घ्यायला मात्र आर्सेनिकचे उदाहरण सर्वांत सोयीचे, कारण तिचे बळ आणि तिच्या खोडी या दोन्ही त्यात एकत्र भेटतात.

आर्सेनिक मराठीला नवे नाही. सोमल, हरताळ आणि मनशीळ ही त्याच्याच संयुगांची जुनी नावे. सोमल हे ऑक्साइड. हरताळ आणि मनशीळ ही सल्फाइडे. पोथीत चुकलेल्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप देत, आणि ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. सोमल वैद्याच्या बटव्यात होता तसा विषप्रयोग करणाऱ्याच्या हातातही होता. १८३३ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन बॉडल या तरुणावर आजोबांना विष घातल्याचा खटला चालला. रसायनज्ञ जेम्स मार्श यांनी आर्सेनिकचा पिवळा साका मिळवला, पण न्यायालयात दाखवायची वेळ येईपर्यंत तो बिघडला आणि ज्युरीचे समाधान झाले नाही. त्या फजितीनंतर मार्श यांनी १८३६ मध्ये नवी कसोटी प्रसिद्ध केली. नमुन्यात जस्त आणि आम्ल घालून आर्सेनिकचा आर्साइन वायू करायचा आणि तो तापवून काचेवर काळा चकचकीत डाग उमटवायचा. आज गावोगाव नेल्या जाणाऱ्या तपासणीच्या पेट्यांत हाच आर्साइन असतो. काचेच्या जागी मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेला कागद आला आहे, आणि आर्सेनिक वाढेल तसा त्याचा रंग पिवळ्याकडून तपकिरीकडे सरकतो.

या पेट्यांची खरी परीक्षा बंगालच्या त्रिभुज प्रदेशात झाली. तळ्यांचे आणि नद्यांचे पाणी पिऊन होणारे कॉलरा-अतिसार टळावेत म्हणून तेथे १९७० च्या दशकापासून मोठ्या संख्येने उथळ कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगला होता, आणि हातपंपाचे पाणी जंतूंच्या दृष्टीने खरोखरच तळ्याहून चांगले होते. पण हिमालयातून वाहत आलेल्या गाळात लोहाच्या ऑक्साइडला चिकटून आर्सेनिकही आलेले होते. जमिनीखाली, ऑक्सिजन न पोहोचणाऱ्या थरांत, सेंद्रिय द्रव्यावर जगणारे जीवाणू त्या लोहाचे क्षपण करतात. लोह विरघळते आणि त्याला धरून बसलेले आर्सेनिक पाण्यात उतरते. १९८० च्या दशकाच्या आरंभी कोलकात्यातील त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील रुग्णांच्या तळहातांवरचे खरखरीत उंचवटे आणि अंगावरचे काळे-पांढरे ठिपके आर्सेनिकमुळे असल्याचे ओळखले. पुढे जादवपूर विद्यापीठात दीपंकर चक्रवर्ती यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावागावांतून पाणी, केस आणि नखे तपासून या संकटाचा आवाका मांडला.

बांगलादेशात १९९८-९९ मध्ये झालेल्या पाहणीत ३,५३४ विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी तपासले गेले. उथळ नळ्यांपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिक लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर निघाले, ४६ टक्क्यांत १० च्या वर. त्यानंतर देशभर सुमारे ५० लाख हातपंप तपासपेट्यांनी तपासण्यात आले. सुरक्षित पंपाला हिरवा रंग, असुरक्षिताला लाल. कुटुंबाने कोणत्या पंपाचे पाणी भरायचे हे त्या रंगावर ठरू लागले, आणि तो रंग ठरत होता कागदावरच्या डागाची छटा डोळ्यांनी जोखून. पाण्यात आर्सेनिक भरपूर असेल तर डोळा चुकत नाही. मर्यादेच्या आसपास तो हमखास चुकतो. दुसरी अडचण अशी, की गाळाचे थर इतके बदलते आहेत की एका पंपाचे पाणी चांगले आणि काही पावलांवरच्या शेजाऱ्याच्या पंपाचे वाईट, असे सर्रास आढळते. एक पंप तपासून गावाचा निकाल लावता येत नाही. प्रयोगशाळेतील मोठी उपकरणे लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या अंशापर्यंत बिनचूक मोजतात, पण त्यांना आर्गॉन वायूचे सिलिंडर लागतात, वातानुकूलित खोली लागते, प्रशिक्षित माणूस लागतो. पेटीइतके स्वस्त आणि मोठ्या यंत्राइतके नेमके असे काहीतरी हवे होते. विजेच्या पद्धतीकडे इतक्या संशोधकांचे लक्ष वळले ते या गरजेपोटी.

त्या पद्धतीचा पाया मायकेल फॅरडे यांनी १८३० च्या दशकात घातला. किती वीज वाहिली यावरून किती पदार्थाची अभिक्रिया झाली हे नेमके सांगता येते, आणि एक मोल इलेक्ट्रॉनांमागे ९६,४८५ कूलोम हा त्याचा दर आहे. या दराने मर्यादेवरच्या पाण्याचा हिशेब मांडता येतो. अशा १० मिलिलिटर पाण्यात आर्सेनिक १०० नॅनोग्रॅम, म्हणजे सुमारे ८०० लाख कोटी अणू. आकडा ऐकायला प्रचंड आहे. प्रत्येक अणूने तीन इलेक्ट्रॉन घेतले तरी एकूण वीज भरते जेमतेम ३९० मायक्रोकूलोम. प्रत्यक्षात काही मिनिटांत त्यातले एखादा टक्का आर्सेनिक इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचले, तर हाती येतात ४ मायक्रोकूलोम. २० मिलिअँपिअर घेणारा एलईडीचा छोटा दिवा एवढी वीज सेकंदाच्या पाचहजाराव्या भागात संपवतो. तरीही आजच्या इलेक्ट्रॉनिक्सला ही रक्कम कमी नाही. अडचण वेगळीच आहे: इलेक्ट्रोड आणि द्रावण यांच्या सीमेवर धन-ऋण भारांचे दोन थर समोरासमोर उभे राहतात. विभव बदलला की हे थर नव्याने भरावे लागतात, आणि त्यासाठी पाण्यात आर्सेनिकचा एकही अणू नसला तरी प्रवाह वाहतो. शोधायचा पदार्थ जसजसा कमी होत जातो तसतसा त्याचा प्रवाह या गोंगाटात बुडत जातो. लेशमात्र पदार्थांच्या विद्युतरसायनाचा सारा इतिहास म्हणजे या गोंगाटातून सूर वेगळा काढण्याची खटपट आहे.

पहिले मोठे यश पाऱ्याने दिले. १९२२ मध्ये प्रागमध्ये यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी बारीक काचेच्या नळीतून थेंबथेंब गळणारा पारा इलेक्ट्रोड म्हणून वापरला. काही सेकंदांनी थेंब गळून पडतो आणि नवा, स्वच्छ थेंब तयार होतो. मळलेल्या पृष्ठभागाची तक्रारच उरत नाही. या पोलरोग्राफी पद्धतीसाठी हेरोव्हस्की यांना १९५९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये हारवेल येथे जेफ्री बार्कर यांनी विभव सलग न बदलता टप्प्याटप्प्याने, ठोके दिल्यासारखा बदलण्याची युक्ती काढली. ठोका दिल्याबरोबर दुहेरी थर भरण्याचा प्रवाह उसळतो आणि झपाट्याने विरतो. पदार्थाचा खरा प्रवाह मात्र रेंगाळतो. क्षणभर थांबून मग मोजले की गोंगाट बराच गळून गेलेला असतो. आजची जवळपास सगळी उपकरणे याच रीतीने मोजतात.

दुसरी युक्ती त्याहून साधी आणि त्याहून परिणामकारक. सराफकट्ट्यावरचा झारेकरी प्रत्येक चिमूटभर मातीत सोने शोधत बसत नाही. तो आधी माती गोळा करतो आणि मग एकदाच धुतो. स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्रीत हेच चालते. इलेक्ट्रोडला पुरेसा ऋण विभव देऊन द्रावण काही मिनिटे ढवळत ठेवतात. विरळ पसरलेले आयन एकेक करून पृष्ठभागावर येतात, इलेक्ट्रॉन घेतात आणि धातुरूपात तेथेच बसतात. मग विभव धनाकडे नेला की साठलेला सगळा पदार्थ काही क्षणांत एकदम विरघळतो. मिनिटांची कमाई सेकंदात खर्च होते, म्हणून प्रवाहाचा उंच सुळका उठतो. शिसे, कॅडमियम, जस्त यांच्यासाठी पाऱ्याचा लोंबता थेंब हा उत्तम गल्ला ठरला, कारण हे धातू पाऱ्यात सहज मिसळतात. आर्सेनिक पाऱ्यात जवळजवळ विरघळतच नाही. १९७५ मध्ये सोने, प्लॅटिनम आणि चांदी यांची तुलना झाली, तेव्हा आर्सेनिकसाठी सोने सरस ठरले. आर्सेनिक सोन्याला घट्ट धरते आणि तितक्याच सहज सोडते. शिवाय प्लॅटिनमवर हायड्रोजनचे बुडबुडे लवकर येऊन मोजमाप बिघडवतात, तसे सोन्यावर होत नाही.

मग सोन्याची सलग चकतीच का वापरू नये? वापरतातही. पण कणांचे काही फायदे सलग सोन्याला नाहीत. पहिला फायदा क्षेत्रफळाचा. एक ग्रॅम सोन्याचा ठोकळा केला तर त्याचा सारा पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही. तेच सोने १० नॅनोमीटर व्यासाच्या कणांत वाटले तर पृष्ठभाग ३१ चौरस मीटर होतो, म्हणजे एखाद्या ऐसपैस दिवाणखान्याच्या फरशीएवढा. ५ नॅनोमीटरच्या कणात सुमारे चार हजार अणू असतात आणि त्यांतले जवळजवळ चौथाई बाहेरच्या पृष्ठभागावर. आतले अणू अभिक्रियेच्या कामाचे नसतात. तेव्हा कण लहान करणे म्हणजे सोन्यातला बिनकामाचा भाग कमी करणे. मूळ इलेक्ट्रोड स्वस्त कार्बनचा राहतो आणि सोने फक्त लागेल तेवढे लागते.

दुसरा फायदा वाहतुकीचा. सपाट चकतीकडे पदार्थ फक्त समोरून येतो. तिच्यापुढचे पाणी लवकरच रिकामे होते आणि भरपाई लांबून व्हावी लागते. एकट्या बारीक कणाकडे तो सर्व बाजूंनी येतो. मात्र कण एकमेकांच्या फार जवळ बसले तर त्यांची रिकामी झालेली क्षेत्रे एकमेकांत मिसळतात आणि सगळे मिळून पुन्हा एका सपाट चकतीसारखे वागतात. पुष्कळ शोधनिबंधांत या गोष्टीचा विसर पडलेला दिसतो: भरगच्च कण बसवायचे आणि श्रेय मात्र सुट्या कणांच्या गुणांना द्यायचे. तिसरा फायदा उत्प्रेरणाचा. कणाच्या कडा, कोपरे आणि विशिष्ट स्फटिकपृष्ठे काही अभिक्रिया सपाट धातूपेक्षा सोप्या करतात. आकाराइतकेच घाटालाही महत्त्व येते ते यामुळे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००४ मध्ये गवती चहाच्या अर्काने सोन्याच्या क्षाराचे क्षपण करून कणांचे चपटे त्रिकोण मिळवले होते. गोल कणांऐवजी त्रिकोण का झाले, हा प्रश्न त्या कामाइतकाच लक्ष वेधणारा ठरला.

कण तयार करण्याची सर्वांत परिचित कृती जॉन टर्केविच यांनी १९५१ मध्ये मांडली. सोन्याच्या क्लोराइडचे अतिशय विरळ, फिकट पिवळे द्रावण उकळत ठेवायचे आणि त्यात सोडियम सायट्रेट ओतायचे. आधी पिवळेपणा जातो, मग पाणी काळपट-निळसर होते, आणि काही मिनिटांत चंचुपात्रात कोकम सरबताचा लाल रंग उतरतो. हे लाल पाणी म्हणजेच सोने, साधारण १५ ते २० नॅनोमीटरच्या कणांच्या रूपात. सायट्रेटचे ऋण भारित आयन कणांभोवती बसून त्यांना परस्परांपासून दूर ठेवतात. त्यात मीठ टाकले की ही राखण मोडते, कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग निळा होतो. फॅरडे यांनी १८५७ मध्ये हे पाहून लिहून ठेवले होते. त्यांनी तयार केलेले सोन्याचे द्रावण लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेले आहे. घरगुती गर्भचाचणीच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघही बहुतेकदा याच सोन्याची असते, हे पट्टी वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

इलेक्ट्रोडसाठी याहून थेट मार्ग म्हणजे कण जागच्या जागी उगवणे. कार्बनचा इलेक्ट्रोड सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून काही सेकंद ऋण विभव दिला की सोने कार्बनवर ठिकठिकाणी बीजे धरते. वेळ आणि विभव यांवरून बीजांची संख्या आणि वाढ राखता येते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असा पृष्ठभाग काळ्या घोंगडीवर पांढरे तीळ सांडावेत तसा दिसतो. तीळ विरळ आणि सारखे पडले तर इलेक्ट्रोड चांगला; गठ्ठे झाले तर पुन्हा घासून पहिल्यापासून.

घासणे हा या कामातला सर्वांत कमी गौरवलेला आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. काचेसारख्या गुळगुळीत कार्बनची तीन मिलिमीटर व्यासाची चकती ओल्या कापडावर ॲल्युमिनाच्या भुकटीने, आधी जाड आणि शेवटी ०.०५ मायक्रोमीटरच्या, इंग्रजी आठचा आकडा काढल्यासारखी फिरवून घासतात. हात एकाच दिशेने चालला तर ओरखडे पडतात, आणि ओरखड्यांत सोने आधी बसते. कण बसवून झाल्यावर इलेक्ट्रोड आम्ल मिसळलेल्या नमुन्यात उतरतो. सोबत संदर्भ इलेक्ट्रोड असतो, ज्याच्या तुलनेत विभव मोजला जातो, आणि प्रवाहाचे वर्तुळ पूर्ण करणारा सहायक इलेक्ट्रोड. ऋण ०.३ व्होल्टच्या आसपास दोनेक मिनिटे ढवळत साठवण होते. ढवळणी बंद करून पाणी स्थिर होऊ देतात. मग विभव धनाकडे सरकू लागतो आणि पडद्यावरची रेषा धन ०.१ ते ०.२ व्होल्टच्या दरम्यान उंचवटा घेऊन पुन्हा खाली येते. तो उंचवटा म्हणजे आर्सेनिक.

उंचवट्याची उंची वाचून थेट आकडा सांगणे मात्र धोक्याचे. प्रत्येक पाण्याचा स्वभाव वेगळा. म्हणून त्याच नमुन्यात माहीत असलेले थोडे आर्सेनिक घालून पुन्हा मोजतात, आणखी घालून पुन्हा. घातलेल्या आर्सेनिकने उंचवटा किती वाढला यावरून मुळात किती होते ते मागे जाऊन काढतात. या रीतीला वेळ लागतो, पण तिच्यावाचून मिळालेल्या आकड्यावर जाणकार विसंबत नाहीत.

साठवणीचा विभव निवडतानाही बेत सांभाळावा लागतो. फार ऋण गेले तर आर्सेनिक पृष्ठभागावर बसण्याऐवजी आर्साइन होऊन उडून जाते. मार्श यांना जो वायू हवा होता तोच येथे नको असतो, कारण मोजायचा ऐवज त्याच्याबरोबर जातो, आणि आर्साइन स्वतः अत्यंत विषारी आहे. साठवण फार वेळ चालवूनही उपयोग नाही. आर्सेनिक विजेचा चांगला वाहक नसल्याने पातळ थर बसला की पुढची वाढ मंदावते. सोन्याचे क्षेत्रफळ मोठे असण्याचे मोल येथे कळते.

प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात हे सगळे सुरळीत चालते. हापशाचे पाणी आले की खोडी सुरू होतात. सर्वांत कुप्रसिद्ध तांबे. ते आर्सेनिकसोबतच सोन्यावर बसते, त्याच्याशी संयुग करते आणि त्याच्या शेजारच्या विभवाला विरघळते. दोन उंचवटे एकमेकांत शिरतात. त्यानंतर सेंद्रिय द्रव्ये. झाडपाला कुजून तयार होणारी ह्युमिक द्रव्ये सोन्यावर बसून त्याचे तोंड बंद करतात आणि आर्सेनिक असूनही उंचवटा लहान दिसतो. पाणी तपासणाऱ्याला ही चूक सर्वांत महाग, कारण तिच्यामुळे लाल पंप हिरवा ठरतो. आम्लातले क्लोराइड सोन्याचे कण हळूहळू खाते; सकाळचा इलेक्ट्रोड संध्याकाळी तोच राहत नाही.

खुद्द आर्सेनिकही दोन रूपांत वावरते. त्रिसंयुजी रूप सोन्यावर तत्परतेने इलेक्ट्रॉन घेते; पंचसंयुजी रूप नेहमीच्या परिस्थितीत जवळजवळ दादच देत नाही. एकूण आर्सेनिक हवे असेल तर आधी सल्फाइट किंवा सिस्टीनसारख्या क्षपणकाने पंचसंयुजीचे त्रिसंयुजी करावे लागते. त्यात जमिनीखालचे पाणी वर येताच हवेने बदलू लागते. विरघळलेले लोह गंजाच्या रूपात तळाशी बसते आणि जाताना आर्सेनिकला सोबत नेते. पंपावर भरलेली बाटली आम्ल न घालता दोन दिवस फळीवर राहिली, तर वरच्या नितळ पाण्यात आर्सेनिक कमी दिसते आणि दोष विनाकारण इलेक्ट्रोडला दिला जातो.

या पार्श्वभूमीवर शोधनिबंधांतली चढाओढ पाहण्यासारखी आहे. मोजता येणारी किमान मात्रा कोणाची किती खाली, यावर सारा भर असतो. ही मात्रा ठरवण्याची रूढ रीत म्हणजे कोऱ्या द्रावणाच्या मापनांत जेवढी चढउतार दिसते तिच्या तिप्पट. कोरे द्रावण जितके स्वच्छ तितकी मात्रा खाली. लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंतचे दावे २००४ पासून छापून आलेले आहेत, आणि त्यांत खोटे काही नाही. पण मर्यादा १० ची असताना ०.०१ पर्यंत पोहोचण्याची निकड फारशी नसते. तांबे, लोह आणि ह्युमिक द्रव्ये असलेल्या पाण्यात ८ आणि १२ यांतला फरक दहापैकी दहा वेळा ओळखणे हे खरे अवघड काम, आणि त्याबद्दल तुलनेने कमी लिहिले जाते. एकाच दिवशी केलेले दहा इलेक्ट्रोड सारखे वागतात का, महिनाभर ठेवलेला इलेक्ट्रोड कसा वागतो, तेच नमुने मोठ्या यंत्राने तपासले तेव्हा आकडे जुळले का: या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील तर किमान मात्रेचा आकडा शोभेपुरता राहतो.

इतर धातूंचा उल्लेख थोडक्यात पुरे. पारा शोधायलाही सोनेच उपयोगी, कारण दोघांचे मिश्रण चटकन होते. हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी प्लॅटिनम, हायड्रॅझिनसाठी प्लॅटिनम आणि पॅलेडियम, क्षारीय द्रावणातील ग्लुकोजसाठी तांबे आणि निकेल. शिसे आणि कॅडमियम यांच्यासाठी पाऱ्याची जागा बिस्मथ घेतो आहे; बिस्मथचा थर या कामी येतो हे २००० मध्ये जोसेफ वांग आणि सहकाऱ्यांनी दाखवले. पाऱ्यावर जगभर निर्बंध आणणारा मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाल्यावर ही बदली अधिकच निकडीची झाली. सगळेच पदार्थ असे हाती येत नाहीत. चंद्रपूर-यवतमाळकडच्या पाण्यातली खरी तक्रार फ्लोराइडची. ते इलेक्ट्रॉन देत-घेत नाही, म्हणून धातूचे कण त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतात. त्याच्यासाठी लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा वेगळा इलेक्ट्रोड आहे, आणि तो चांगला चालतो.

कणांचा एक उपयोग याहून निराळा आहे. त्यात कण सापळा नसतो, खूण असतो. रक्तातील एखादे प्रथिन शोधायचे असेल तर त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडावर सोन्याचा कण बांधतात. प्रतिपिंड जाऊन बसले की उरलेले धुऊन टाकतात, कण विरघळवतात आणि त्यातले सोने स्ट्रिपिंगने मोजतात. ४० नॅनोमीटरच्या एका कणात सोन्याचे सुमारे २० लाख अणू असतात. प्रथिनाचा एक रेणू सापडला, की त्याच्यामागे २० लाख अणूंची साक्ष उभी राहते. ही वाट पुढे टोकाला गेली ती २००७ मध्ये. टेक्सास विद्यापीठात ॲलन बार्ड यांच्या प्रयोगशाळेत हायड्रॅझिन असलेल्या द्रावणात प्लॅटिनमचे कण सोडले गेले, आणि एकेक कण कार्बनच्या अतिसूक्ष्म इलेक्ट्रोडवर आदळताना प्रवाहात उठणारी वेगवेगळी पायरी नोंदवता आली. कार्बनवर हायड्रॅझिन स्वस्थ असते. प्लॅटिनमचा कण टेकताच त्याचे ऑक्सिडीकरण सुरू होते. एका कणाची चाहूल लागावी इतका गोंगाट कमी करता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

पाण्याच्या तपासणीत मात्र अजून तपासपेटी आणि मोठे यंत्र यांचेच राज्य आहे. छपाई केलेल्या कार्बनच्या पट्ट्यांवर सोन्याचे कण बसवून खिशात मावेल अशा उपकरणाला जोडण्याचे प्रयत्न बरेच झाले आहेत. पट्टी एकदा वापरून टाकून द्यायची असल्याने घासण्याचा त्रास वाचतो आणि पृष्ठभाग मळण्याचा प्रश्न निम्मा सुटतो. आम्ल घालणे, पंचसंयुजीचे क्षपण करणे आणि ज्ञात भर टाकून पुन्हा मोजणे ही कामे पट्टीच्या आत कशी बसवायची, हे कोडे उरते.

आरंभी सांगितलेल्या १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेलाही मोजमापाचाच इतिहास आहे. १९९३ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० होती. बांगलादेशात ती आजही ५० आहे. १९९३ मध्ये ती १० वर आणताना निव्वळ आरोग्याचा विचार केला असता तर आकडा आणखी खाली गेला असता. तेवढे कमी आर्सेनिक पाण्यातून काढणे आणि खात्रीने मोजणे सर्वत्र शक्य नव्हते, म्हणून तो १० वर थांबवला गेला. संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत त्या आकड्यापुढे ‘तात्पुरता’ असा शेरा आहे.